झोपेच्या पहारेकऱ्यास सनद हवी

पहिल्या पानावरील ही जागा आम्ही सहसा मंत्रिमंडळांच्या घडामोडींसाठी किंवा महापूर-अवर्षणासारख्या आपत्तींसाठी राखून ठेवतो. आज ती आम्ही माणसाच्या झोपेला देत आहोत, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या प्रश्नाशी लक्षावधी नागरिकांच्या श्वासाचा संबंध आहे आणि ज्याच्या निरसनासाठी संसदेने केलेला कायदा २०२१ सालापासून पुस्तकात आहे, तो प्रश्न आतल्या पानावर ढकलणे आम्हांस उचित वाटत नाही. झोपलेल्या रुग्णाच्या मेंदूवर, हृदयावर आणि श्वासावर रात्रभर नजर ठेवणाऱ्या निद्रा-तंत्रज्ञाची पात्रता राज्याने तपासावी, त्याचे नाव राज्याच्या नोंदवहीत चढवावे आणि त्या नोंदीवाचून कोणासही हे काम करू देऊ नये, ही आमची मागणी आहे.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित रुग्णालयांचा आहे, असा समज असेल तर तो प्रथम दूर केला पाहिजे. निफाड तालुक्यातील विंचूरचे उदाहरण घ्या. नाशिकहून येवल्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव पेशवाईत विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या सरदारकीने नावारूपास आले. आज ते लासलगावच्या कांदा बाजाराचा उपबाजार आणि औद्योगिक वसाहतीतील वाइन पार्क यांसाठी ओळखले जाते. येथून कांदा भरून निघालेल्या मालमोटारी रात्र-रात्र धावतात. त्या चालविणाऱ्याच्या झोपेचा बिघाड हा त्याच्या एकट्याचा खासगी मामला राहत नाही. समोरून येणाऱ्या प्रत्येक वाहनाचा त्याच्याशी संबंध असतो. आणि तरीही आपल्या समाजात घोरणे म्हणजे गाढ झोपेची खूण, हीच समजूत अद्याप घरोघर नांदते आहे. माणूस दिवसा पेंगला तर तो आळशी ठरतो, मोठ्याने घोरला तर विनोदाचा विषय होतो; रोगी मात्र ठरत नाही.

वस्तुस्थिती वेगळी आहे. निद्राश्वासरोध, म्हणजे ज्याला डॉक्टर ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात, त्या विकारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते. छाती आणि पोट धडपडत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, एक मोठी घरघर होऊन वाट उघडते आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. दहा सेकंद वा त्याहून अधिक काळ श्वास असा थांबला म्हणजे तो एक रोध धरला जातो. पूर्ण थांबलेले आणि अर्धवट मंदावलेले श्वास मिळून तासाला पाचपर्यंत प्रकार दुर्लक्षिता येतात. पंधरापुढे विकार मध्यम आणि तिसापुढे तीव्र मानला जातो. तासाला तीस वेळा म्हणजे दर दोन मिनिटांस एकदा गळा आवळला जाण्यासारखेच हे आहे. रोग्याला सकाळी त्यातले काहीही आठवत नाही. आठवतो तो फक्त थकवा. रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशी या विकाराचा संबंध जोडला गेला आहे.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या या पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांच्या श्वासात झोपेत बिघाड आढळला, आणि ७.५ टक्क्यांस त्या बिघाडाबरोबर दिवसा पेंगण्याचाही त्रास होता. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी भारतातील अनेक पाहण्या एकत्र करून २०२३ साली जो अंदाज मांडला, त्यानुसार देशातील दहा कोटींहून अधिक प्रौढ या विकाराने ग्रस्त असावेत. एवढ्या मोठ्या संख्येच्या निदानाचा भार ज्याच्या हातावर आहे, तो माणूस कोण आणि त्याला कोणी शिकविले, हे विचारण्याचा अधिकार समाजाला आहे की नाही?

झोपेची ही विद्या फार जुनी नाही. जर्मनीतील हान्स बर्गर याने मानवी मेंदूतील विद्युत्-लहरींचा आलेख १९२४ साली प्रथम टिपला. शिकागोच्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली झोपेत डोळ्यांच्या जलद हालचालींची अवस्था असते, हे दाखवून दिले. झोप म्हणजे नुसता अंधार नव्हे, तिच्यातही प्रहर आहेत, हे तेव्हा जगाला कळले. आणि १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावरील मुखवट्यातून हवेचा सतत दाब देऊन मिटणारी वाट उघडी ठेवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. आज घरोघर ‘सीपॅप’ या नावाने जाणारे यंत्र ते हेच.

पण आलेख आणि यंत्र यांच्यामध्ये एक माणूस असतो. त्याच्या कामाची कल्पना वाचकांस फारशी नसते, म्हणून ती येथे थोड्या विस्ताराने देणे आम्हांस अगत्याचे वाटते. रात्री नऊच्या सुमारास रुग्ण प्रयोगशाळेत येतो. तंत्रज्ञ त्याच्या डोक्याचे माप घेतो, ठराविक जागी त्वचा स्वच्छ करून विद्युत्-अग्रे बसवितो. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर, दोन्ही पायांवर आणि छातीवर आणखी तारा लावतो. नाकापाशी श्वासाचा प्रवाह मोजणारी नळी, छाती-पोटाभोवती पट्टे, बोटावर प्राणवायू मोजणारा चिमटा. मग दिवा मालवला जातो आणि शेजारच्या खोलीत त्याची खरी रात्र सुरू होते. तार सुटली तर रुग्णाची झोप न मोडता ती पुन्हा बसवावयाची. लहर मेंदूची की घामाची, हे ओळखावयाचे. हृदयाचे ठोके चुकले, झटका आला, प्राणवायू धोक्याच्या पातळीखाली गेला, तर कोणाला केव्हा उठवावयाचे, हे त्यानेच ठरवावयाचे. कारण सही करणारे डॉक्टर त्या वेळी आपल्या घरी झोपलेले असतात.

यंत्राचा दाब ठरविण्याची रात्र तर याहून नाजूक. दाब कमी पडला तर वाट मिटलेलीच राहते. अधिक झाला तर रुग्ण गुदमरून मुखवटा फेकून देतो, आणि काही रुग्णांत मेंदूच श्वासाची आज्ञा देणे थांबवितो. मिटलेल्या वाटेचा रोध आणि न आलेल्या आज्ञेचा रोध यांतला भेद आलेखावर छाती-पोटाच्या पट्ट्यांच्या एका रेषेवरून ओळखावा लागतो. जो तो ओळखू शकत नाही, तो दुसऱ्या प्रकारच्या रोगावर पहिल्या प्रकारचा उपाय करीत दाब चढवीतच जातो. सकाळी रुग्ण घरी गेला, तरी तंत्रज्ञाचे काम उरतेच. रात्रीचा आलेख तीस-तीस सेकंदांच्या पानांत वाचावयाचा असतो. आठ तासांच्या झोपेची ९६० पाने होतात. प्रत्येक पानावर झोपेची अवस्था, प्रत्येक रोध, प्रत्येक दचकणे नोंदवावयाचे. डॉक्टरांचे निदान या नोंदीवर उभे राहते. पाया चुकला तर भिंतीवर कितीही नामवंत सही असली तरी ती भिंत वाकडीच राहणार.

आणखी एक गोष्ट आहे. तिचा उच्चार संकोचाने होतो म्हणून ती टाळू नये. या तपासणीत स्त्री असो वा पुरुष, रुग्ण परक्या खोलीत, परक्या माणसाच्या नजरेखाली, बहुधा छायाचित्रणाच्या यंत्रासमोर रात्रभर झोपतो. माणूस इतका असहाय दुसऱ्या क्वचितच प्रसंगी असतो. ज्याच्या हाती आपण स्वतःला अशा अवस्थेत सोपवितो, त्याचे नाव कोठल्याही नोंदवहीत नसावे, गैरवर्तन झाल्यास ते खोडून टाकणारी सत्ता नसावी, हे सुसंस्कृत राज्याला शोभणारे नाही.

आजची स्थिती काय आहे? मोठ्या रुग्णालयांत हे काम करणारी निष्णात माणसे आहेत, आणि त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. इंडियन सोसायटी फॉर स्लीप रिसर्चसारख्या संस्थांनी तंत्रज्ञांसाठी शिक्षण व परीक्षा यांचे उपक्रमही चालविले आहेत. परंतु ही सारी स्वेच्छेची बाब. कोणी मेंदूच्या आलेखाच्या खोलीतून या कामात येतो, कोणी श्वसनविभागातून, कोणी परिचारिका म्हणून. आणि कोणी दोन-चार दिवसांच्या शिबिरातून. कायद्याच्या दृष्टीने आजवर हे सारे सारखेच अनोळखी राहिले. त्यातही चिंतेची गोष्ट ही, की घरी येऊन तपासणी करणारा माणूस पुष्कळदा यंत्राच्या विक्रेत्यानेच पाठविलेला असतो. घरच्या तपासणीच्या बहुतेक साध्या पेट्यांत मेंदूच्या लहरी टिपल्याच जात नाहीत. रुग्ण झोपला होता की नुसता पडून होता, हेही तिला समजत नाही. जो रोग मोजतो तोच उपायाचे यंत्र विकतो, आणि मधल्या रुग्णाला दोहोंतले काहीच पडताळता येत नाही.

विंचूरच्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगण्यास आम्हांस श्रम पडणार नाहीत. कांद्याच्या बाजारात माल घेणारा व्यापारी स्वतःच वजन सांगू लागला तर तो शेतकरी क्षणभरही ते मान्य करणार नाही. म्हणूनच कृषि उत्पन्न बाजारासंबंधीच्या १९६३ च्या महाराष्ट्र कायद्याने व्यापाऱ्याला आणि अडत्याला तर परवाना आवश्यक केलाच, परंतु बाजाराच्या आवारात माल मोजणाऱ्या मापाड्यालाही तो आवश्यक केला. कांद्याची गोणी मोजणाऱ्याला परवाना लागतो. माणसाचे श्वास मोजणाऱ्याला लागत नाही! घरात विजेच्या तारा जोडणाऱ्या वायरमनला परवाना लागतो. डोक्याला तारा जोडणाऱ्याला लागत नाही! खुद्द यंत्रांवर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी नियंत्रण आणले आणि २०२३ पर्यंत टप्प्याटप्प्याने सर्व वर्गांच्या उपकरणांसाठी परवाने आवश्यक झाले. यंत्राला परवाना आणि यंत्र चालविणाऱ्या हाताला मात्र मोकळीक, अशी ही उफराटी व्यवस्था आहे.

मुंबई इलाख्याने १९१२ साली डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा केला. औषधविक्रीच्या व्यवसायासाठी १९४८ साली फार्मसी कायदा आला. परिचारिकांसाठी १९३५ चा मुंबईचा कायदा होता, पुढे महाराष्ट्राचा १९६६ चा कायदा आला. प्रत्येक वेळी हीच हाकाटी झाली की नोंदणीने व्यवसाय मूठभरांच्या हाती जाईल. आज त्या नोंदण्या मोडा, असे म्हणणारा एकही जबाबदार मनुष्य सापडणार नाही. परंतु तंत्रज्ञांच्या बाबतीत मात्र आमच्या राज्याची चाल मंद राहिली. परावैद्यक परिषदेचा महाराष्ट्राचा कायदा २०११ चा म्हणून ओळखला जातो. अधिनियम म्हणून त्याला क्रमांक मिळावयास २०१६ साल उजाडले.

संसदेने २०२१ साली राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीतील दहा गटांत मेंदू-आलेखाच्या तंत्रज्ञांच्या जोडीने निद्रा-प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाचे नाव आहे. सहयोगी व्यावसायिकाने किमान २००० तासांचे, दोन ते चार वर्षांत विभागलेले शिक्षण घेतलेले असावे, असे त्यात म्हटले आहे. राज्यांनी सहा महिन्यांत आपापल्या परिषदा स्थापाव्यात, असेही त्यात लिहिले आहे. सहा महिन्यांचे काय झाले? १२ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे कायद्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्ये यांस दोन महिन्यांच्या आत अंमलबजावणी करण्याचा आदेश द्यावा लागला. तोवर केवळ १४ राज्यांनी परिषदा स्थापिल्या होत्या आणि त्याही कार्यरत नव्हत्या, ही गोष्ट न्यायालयापुढे आली. झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही, ही म्हण शासनसंस्थेलाही लागू पडते की काय, अशी शंका आल्यावाचून राहत नाही.

आता काही आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, अहवालावर डॉक्टरची सही असते, मग तंत्रज्ञाला वेगळी सनद कशाला? याचे उत्तर वर आलेच आहे. औषधाच्या चिठ्ठीवरही डॉक्टरची सही असते. म्हणून औषध देणाऱ्याची नोंदणी आपण अनावश्यक मानीत नाही. दुसरा आक्षेप असा की, आता संगणक आपोआप आलेख वाचतो. संगणक वाचील, पण निसटलेली तार तो बसविणार नाही, घाबरलेल्या रुग्णाला धीर देणार नाही, आणि वाचण्यासाठी त्याला जो आलेख मिळतो तो चांगला की वाईट, हे त्या तंत्रज्ञाच्या हातावरच अवलंबून राहील.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. सनद सक्तीची झाली तर आधीच अपुरी असलेली माणसे आणखी कमी होतील, तपासणी महागेल आणि विंचूरसारख्या गावचा रुग्ण पन्नास-पंचावन्न किलोमीटर दूर नाशिकला जाऊनही रांगेतच राहील, हे भय निराधार नाही. अमेरिकेचा अनुभव येथे उपयोगी पडेल. तेथे निद्रा-तंत्रज्ञांची परीक्षा १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. पण पुढे काही राज्यांत श्वसनोपचार करणाऱ्या व्यावसायिकांच्या मंडळांनी मुखवटा बसविणे आणि दाब बदलणे हे आपलेच क्षेत्र आहे, असा दावा केला. अनुभवी निद्रा-तंत्रज्ञ आपल्याच खोलीत उपरे ठरण्याची वेळ आली. लुइझियाना, न्यू जर्सी, टेनेसी अशा राज्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात निद्रा-तंत्रज्ञांसाठी स्वतंत्र कायदे केले, त्यामागे ही ओढाताण होती. यातून घेण्याचा धडा दुहेरी आहे. एका व्यवसायाची सनद दुसऱ्या व्यवसायाने लिहू नये. आणि सनद ही रुग्णाचे कुंपण असावी, व्यवसायाची तटबंदी नव्हे.

आपल्याकडे हा धडा विशेष लागू आहे, कारण अनुसूचीने निद्रा-तंत्रज्ञाला मेंदू-आलेखाच्या पंक्तीत बसविले आहे. झोपेची तपासणी अर्धी मेंदूची आणि अर्धी श्वासाची असते. केवळ लहरी वाचणारा दाब ठरवू शकत नाही, आणि केवळ दाब देणारा लहरी वाचू शकत नाही. म्हणून या कामाची परीक्षा स्वतंत्र हवी आणि नोंदवहीतील त्याचे पान स्वतंत्र हवे.

तेव्हा राज्य सरकारकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. राज्य परिषदेच्या नोंदवहीत निद्रा-तंत्रज्ञांचा वेगळा विभाग असावा, आणि तो कोणाही नागरिकास घरबसल्या पाहता यावा. प्रत्येक अहवालावर डॉक्टरच्या सहीबरोबर तंत्रज्ञाचे नाव व नोंदणी क्रमांक असावा. आज प्रामाणिकपणे हे काम करीत असलेल्यांना दारातून परत पाठवू नये. त्यांना ठराविक मुदत द्यावी, अनुभवाचे तास मोजावेत आणि त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा मराठीतूनही घ्यावी. तारा बसविण्याचे कौशल्य इंग्रजी निबंधाने मोजले जात नाही. यंत्र विकणाऱ्याने किंवा त्याच्या पगारी माणसाने निदानाची तपासणी करणे निषिद्ध ठरवावे. आणि नाशिक येथे १९९८ सालापासून असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आपल्या परावैद्यक अभ्यासक्रमांत या विषयाला भरीव स्थान द्यावे, जिल्हा रुग्णालयांना शिक्षणकेंद्रे म्हणून जोडून घ्यावे, म्हणजे निफाड-येवल्याच्या मुलामुलींना ही विद्या शिकून आपल्याच तालुक्यात उभे राहता येईल. सनद कडक आणि शिक्षण दुर्मिळ, अशी स्थिती ठेवाल तर तिसरा आक्षेप खरा ठरेल. दोन्ही एकदम करा म्हणजे तो आपोआप गळून पडेल.

वाचकांकडेही आमचे एक मागणे आहे. घरातील कोणी झोपेत श्वास अडकून दचकत असेल, तर हसण्यावारी न नेता त्यास डॉक्टरकडे न्यावे; आणि तपासणीस येणाऱ्या माणसाला निःसंकोच विचारावे, की तुम्ही हे कोठे शिकलात, आणि यंत्र विकणे हाही तुमचा व्यवसाय आहे काय? कायदा येईपर्यंत हा प्रश्न हेच नागरिकाचे संरक्षण आहे.

जुन्या काळी सरंजामाची सनद ज्याला मिळे, त्याच्यावर त्या उत्पन्नातून फौज बाळगण्याची आणि हाक येताच हजर होण्याची जबाबदारी पडे. सनद म्हणजे अधिकार आणि उत्तरदायित्व यांची एकच मोहर. विंचूरकरांच्या मुलुखात तिचा हा अर्थ वेगळा सांगावयास नको. रात्री दुसऱ्याच्या श्वासावर पहारा देणाऱ्या माणसाला आज त्यांतले काहीच नाही, ना अधिकाराची मान्यता, ना उत्तर देण्याचे बंधन. दोन्ही एकाच कागदावर त्याला मिळाली पाहिजेत. कायदा झालेला आहे, न्यायालयाने आज्ञा दिलेली आहे. आता सरकारने ती नोंदवही उघडावी आणि तिच्यात पहिले नाव लिहावे.